आस्थापनेचा पत्ता

(अहिल्यानगर येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



या मालेत आजवर मोठे विषय झाले. संत झाले, संविधान झालं, पाणी झालं, सहकार तर दोनदा झाला. मी संयोजकांना 'स्वतःचा धंदा आणि सरकारी परवाना' असा विषय कळवला, तेव्हा फोनवर पलीकडे जरा शांतता पसरली. मग नम्रपणे विचारणा झाली, "सर, थोडं कोरडं नाही का होणार?" होईल. थोडं होईलच. पण व्याख्यान संपल्यावर इथून माळीवाड्यापर्यंत चालत जा आणि वाटेत पोट भरणारी माणसं बघत जा. चहाची टपरी, रसवंती, पंक्चरवाला, मोबाइल दुरुस्त करणारा मुलगा, इस्त्रीची गाडी, हार विकणारी बाई, ब्लाउज शिवून देणारी ताई. यांतलं कोण दर महिन्याच्या पगारावर आहे? कुणीच नाही. मागे उभ्या असलेल्या मुलांपैकी निम्मे आज स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसतात. त्यांतले बरेच जण पाच-सात वर्षांनी याच रस्त्यावर काहीतरी मांडून बसणार आहेत. त्यात कमीपणा काही नाही. म्हणून म्हटलं, एक संध्याकाळ या विषयाला देऊ.

मला पुष्कळदा विचारतात, "धंदा सुरू करायचाय, लायसन कुठं काढायचं?" मी उलट विचारतो, "कसलं?" कारण लायसन नावाची एक वस्तू नाहीच. शॉप अ‍ॅक्ट वेगळा, उद्यम वेगळं, अन्नाचा परवाना वेगळा, वजनकाट्यावरचा शिक्का वेगळा, महापालिकेचा कलम ३७६ खालचा परवाना वेगळा, व्यवसाय कर वेगळा. प्रत्येकाचं दार वेगळं आणि प्रत्येक दाराशी उभा असलेला एजंटही वेगळा. पण या सगळ्या दारांवर पहिला प्रश्न जवळपास सारखाच येतो. तू काय करतोस हा प्रश्न नंतरचा. आधी विचारतात, तू कुठं बसतोस? आजचं माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नाभोवती आहे.

तिथं जाण्याआधी थोडं मागे जाऊ.

आपल्या जुन्या गावगाड्यात परवान्याचा कागद नव्हता. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांचं काम वतन होतं. कुणी कुणाच्या दारी जायचं, सुगीला खळ्यावर किती धान्य मिळायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा'त ही सगळी व्यवस्था बारकाईनं नोंदवून ठेवली आहे. तिच्या आठवणीनं गहिवरणारी माणसं मला भेटतात. मी काही त्यांच्यातला नाही. न्हाव्याच्या पोराला लोहारकी करायची असती, तर त्यानं अर्ज कुणाकडे करायचा होता? अर्जाची सोयच नव्हती, त्यामुळे नाकारण्याचा त्रासही कुणाला नव्हता. कागद नव्हता म्हणून मोकळीक होती, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आणि कागद नसला तरी कर होताच. दुकानावर, मागावर, तेलाच्या घाण्यावर मोहतर्फा नावाचा कर बसायचा. धंदा करतोस ना, मग दे. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी हा कर १८४४ च्या कायद्यानं काढून टाकला. धंद्यांवरचे आणि बाजारपेठांवरचे कर एका फटक्यात गेले. केवढा उदारपणा! पण सरकारनं त्याच वर्षी मिठावरचा कर मणाला आठ आण्यांवरून एक रुपया केला. कोष्ट्याच्या मागावरचा कर गेला आणि त्याच कोष्ट्याच्या भाकरीवरच्या मिठात तो परत आला. सुरतेत लोक रस्त्यावर उतरले, दंगल झाली, तेव्हा कुठं तो बारा आण्यांवर आला. पुढं १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ पडला. आपला नगर जिल्हा त्यात होरपळून निघाला. दुष्काळाच्या खर्चाची तरतूद म्हणून १८७८ मध्ये धंदेवाल्यांवर 'लायसन्स टॅक्स' बसवला. दुष्काळात ज्याचा धंदा बसला, त्याच्याचकडून दुष्काळासाठी पैसे! सुरतेत पुन्हा दंगल. धंदा करणाऱ्याकडे सरकार पहिल्यांदा तिजोरीच्या नजरेनं बघतं, ही सवय इतकी जुनी आहे.

आता येतो आपला लाडका शॉप अ‍ॅक्ट. कुणी गुमास्ता म्हणतं, कुणी शॉप अ‍ॅक्ट, कागद एकच. दुकानं आणि आस्थापनांचा देशातला पहिला कायदा मुंबई प्रांतात १९३९ साली झाला. मग १९४८ चा आला आणि तो जवळजवळ सत्तर वर्षं चालला. हा कायदा कुणासाठी होता? दुकानदारासाठी? मुळीच नाही. दुकानात राबणाऱ्या नोकरासाठी होता. शेठनं त्याला रात्री किती वाजेपर्यंत उभं ठेवायचं, आठवड्याची सुट्टी द्यायची की नाही, रजा किती, हे ठरवायचं होतं. त्यासाठी दुकानं कुठं आहेत ते सरकारला माहीत हवं, म्हणून नोंदणी. म्हणजे नोंदणी हे साधन होतं, हेतू नोकराचं संरक्षण.

आज काय झालं आहे? ज्याच्याकडे एकही नोकर नाही, जो स्वतःच मालक, स्वतःच गडी आणि स्वतःच झाडूवाला आहे, तो या कागदासाठी धावतो. कारण बँक मागते. चालू खातं उघडायचं तर शॉप अ‍ॅक्ट आणा. कर्ज हवं तर शॉप अ‍ॅक्ट आणा. क्यूआर कोडचा तो छोटा बोलणारा डबा हवा असेल तरी कुणीतरी विचारतंच, शॉप अ‍ॅक्ट आहे का? नोकराच्या संरक्षणासाठी जन्मलेला कागद, नोकर नसलेल्या माणसाचं ओळखपत्र होऊन बसला.

२०१७ चा नवा कायदा मात्र मनापासून वाखाणण्यासारखा आहे, आणि आज मी टीकाच करत बसणार असल्यामुळे हे आधी सांगून टाकतो. १९ डिसेंबर २०१७ पासून तो लागू झाला. तेव्हा ठरलं, दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी नको, नूतनीकरण नको, इन्स्पेक्टरची वाट बघणं नको. धंदा सुरू केल्यापासून साठ दिवसांत फक्त ऑनलाइन कळवा, पावती घ्या. अनुमती मागायची नाही, सूचना द्यायची! सरकार आणि धंदेवाला यांच्या नात्यातला हा फार मोठा बदल आहे आणि आपल्याकडे त्याची म्हणावी तशी वाहवा झाली नाही. (एक गंमत सांगतो. लहान दुकानांना या कायद्यानं जवळजवळ सगळ्यातून सूट दिली, पण २०२२ मध्ये दुरुस्ती करून एक गोष्ट त्यांनाही लागू केली: पाटी मराठीत हवी. माझी हरकत नाही. पण पाटी लावायला भिंत लागते, एवढं लक्षात ठेवा. आपण तिकडेच चाललो आहोत.)

मग परवाने सगळेच निरर्थक आहेत का? असं म्हणणारा माणूस घरातलं वायरिंग कुणाकडूनही करून घेत असावा. तारतंत्रीचा परवाना, पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र, विद्युत ठेकेदाराचा परवाना या पायऱ्या आहेत त्या योग्यच आहेत. तारतंत्र्याची एक चूक तिसऱ्याच माणसाचा जीव घेते. अन्नाचंही तसंच. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा हातगाडीवाल्यालाही नोंदणी करायला लावतो. २०११ च्या नियमांत छोट्या विक्रेत्यासाठी वर्षाला १०० रुपये शुल्क ठेवलं, चौदा अंकी क्रमांक दिला. शंभर रुपये जास्त आहेत असं कोण म्हणेल? खाणाऱ्याच्या पोटाची काळजी सरकारनं घ्यावीच. तराजूवर वजनमापवाल्यांचा शिक्का असावा, तोही गिऱ्हाइकासाठी. या परवान्यांत कुणाचं तरी रक्षण आहे, आणि ते कुणाचं, हे बोट दाखवून सांगता येतं.

दुसऱ्या जातीचा परवाना असतो तो संख्या रोखणारा. रिक्षाचं परमिट घ्या. १९९७ च्या नोव्हेंबरात राज्यानं रिक्षा परवान्यांवर मर्यादा घातली आणि २०१७ च्या जूनमध्ये ती उठवली. मधली वीस वर्षं काय झालं? परमिट ही मालमत्ता झाली. ज्याच्या नावावर परमिट तो घरी, आणि रिक्षा चालवणारा रोजच्या भाड्यावर. परवाना एकाचा, घाम दुसऱ्याचा. नगरमध्ये एमएच १६ आणि श्रीरामपुराकडं एमएच १७, दोन्हीकडच्या स्टँडवर जुने लोक हे अजून सांगतील. संख्या मोजून दिलेला परवाना काम करणाऱ्याकडं राहत नाही, ज्याच्याकडं भांडवल आहे त्याच्याकडं सरकत जातो. यावर मी आणखी बोलत नाही, रिक्षा हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

आता मुद्द्यावर येतो.

जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या एका तालुक्याच्या गावी मी एका ऑनलाइन सेवा केंद्रात बसलो होतो. माझंच काहीतरी सातबाऱ्याचं काम. एक गृहस्थ आले. साठीच्या आत-बाहेर, खांद्याला धोकटी. चार गावांच्या आठवडे बाजारांत हजामती करणारे. त्यांना छोटं कर्ज हवं होतं आणि बँकेतून सांगितलं होतं, शॉप अ‍ॅक्ट काढून आणा. केंद्रातला मुलगा चटपटीत. नाव, आधार, मोबाइल, सगळं भराभर भरलं. मग एका रकान्याशी थांबला. लाल चांदणी असलेला रकाना. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

"काका, दुकानाचा पत्ता सांगा."

"दुकान नाही रे बाळा. बाजारात बसतो. लिंबाखाली."

"मग लिंबाचा पत्ता सांगा," मागच्या रांगेतला एक जण म्हणाला. सगळे हसले. काकाही हसले.

मुलानं घरचा पत्ता टाकला. पुढं दुकानाचा पाटीसकट फोटो मागितला. मुलानं शांतपणे एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत मराठीत नाव छापलं, खाली 'केश कर्तनालय'. काकांच्या हातात कागद दिला आणि म्हणाला, "घराच्या दाराला चिकटवा, पोराला फोटो काढून व्हॉट्सअपवर टाकायला सांगा, मग कागद काढून टाकला तरी चालतंय." संध्याकाळपर्यंत पावती निघाली.

त्या पावतीत काय लिहिलं आहे? एक गृहस्थ त्यांच्या राहत्या घरी केश कर्तनालय चालवतात. त्या घरी आजतागायत एकाही गिऱ्हाइकाची दाढी झालेली नाही. आणि ज्या लिंबाखाली त्यांनी हयात काढली, त्याचा त्या कागदात उल्लेखच नाही. उद्या बाजारतळ डांबरी करायचा ठरला, गाळे बांधायचे ठरले, तर ही पावती घेऊन ते ग्रामपंचायतीत गेले की ग्रामसेवक काय म्हणेल? "काका, तुमचं दुकान तर घरी आहे."

कुणी खोटं बोललं का? मुलानं? नाही, तो मदत करत होता. काकांनी? त्यांनी तर लिंब सांगितला होता. खोटं बोलायला लावलं त्या रकान्यानं.

आता तुमच्यातले जाणकार म्हणतील, सर, पत्ता नसलेल्यांसाठी वेगळा कायदा आहे की! आहे. आणि चांगला आहे. त्याच्यामागं राज्यघटनेचं कलम १९ आहे, कोणताही व्यवसाय करण्याचं स्वातंत्र्य देणारं. १९८९ मध्ये सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की रस्त्यावर बसून विकणं हासुद्धा या स्वातंत्र्याचा भाग आहे. सरकारनं त्याचं नियमन करावं, पण ते नाकारता येणार नाही. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २०१४ मध्ये, पथविक्रेता कायदा आला. आधी सर्वेक्षण करा, सापडलेल्या विक्रेत्याला प्रमाणपत्र द्या, आणि हे होईपर्यंत कुणालाही उठवू नका. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडलेले, त्यांत एक तृतीयांश महिला. इतकंच नाही, पन्नास वर्षांहून जास्त काळ चालत आलेला नैसर्गिक बाजार असेल तर त्याला वारसा बाजार म्हणून जाहीर करा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नका, असंही त्या कायद्याच्या परिशिष्टात आहे. आपल्या कापडबाजारात दुकानदार आणि रस्त्यावरचे विक्रेते यांच्यातला वाद नगरकरांना नवा नाही. त्या वादात दोन्ही बाजूंनी आवाज चढतात. पण हे परिशिष्ट कुणी वाचलेलं मला भेटलेलं नाही. दुकानदाराचंही म्हणणं खोटं नाही, तो घरपट्टी भरतो, त्याच्या दारासमोर वाट राहिली पाहिजे. म्हणूनच कायदा म्हणतो, आधी मोजा, मग जागा आखा. आपण न मोजताच अतिक्रमण हटावची गाडी काढतो.

पण माझा खरा मुद्दा पुढं आहे. हा कायदा कुठं लागू होतो? महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायत, कटक मंडळ. म्हणजे नगर शहर, भिंगार, संगमनेर, कोपरगाव, श्रीरामपूर, शिर्डी. झालंच तर कर्जत, पारनेर, अकोल्याची नगरपंचायत. आणि बाकीचा जिल्हा? क्षेत्रफळानं राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा आपला, चौदा तालुके. काष्टीचा बाजार, घोडेगावचा बाजार, मढीची यात्रा, शिंगणापूरच्या रस्त्यावरच्या पूजेच्या साहित्याच्या टपऱ्या. ही सगळी ग्रामपंचायतींची हद्द. शहराची कमान ओलांडली की फेरीवाल्याच्या डोक्यावरचं २०१४ च्या कायद्याचं छत्र संपलं. ज्या काकांची गोष्ट मी सांगितली ते आठवड्यातून चार दिवस बाजारात बसतात आणि चारही गावं ग्रामपंचायतीची. त्यांना शॉप अ‍ॅक्टमध्ये दुकान नाही म्हणून जागा नाही, आणि पथविक्रेता कायद्यात शहर नाही म्हणून जागा नाही.

मग त्यांच्याकडं कोणताच कागद नाही का? आहे. दर बाजारी एक कागद मिळतो. बाजारकराची पावती. सकाळी ग्रामपंचायतीचा किंवा ठेकेदाराचा माणूस येतो, पालाला, टोपलीला, चादरीला बघतो, पावती फाडतो, पैसे घेतो, पुढं जातो. पातळ कागदाची, पुस्तकातून फाडलेली पावती. तिच्यावर ग्रामपंचायतीचं नाव असतं, अनुक्रमांक असतो, रक्कम असते. कुणाकडून घेतली, हे नसतं. वर्षानुवर्षं कर भरणारा माणूस, आणि त्याच्या नावाची एकही ओळ सरकारदरबारी नाही! जिल्ह्यात असे किती विक्रेते असतील? मोजलेच नाहीत. ग्रामपंचायतीला बाजाराचं उत्पन्न किती ते पै-पैशाचं माहीत असतं, उत्पन्न देणारी माणसं कोण ते माहीत नसतं. १८४४ पूर्वीच्या मोहतर्फ्यात निदान कोष्टी कोण आणि तेली कोण हे वहीत लिहिलेलं असायचं.

बायकांचं काय होतं तेही बघा. घरी पापड, मसाले, दिवाळीचा फराळ करणारी बाई. तिला पत्ता आहे, भिंत आहे, पाटीही लावता येते. पण जागेचा पुरावा म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा मागतात, नाहीतर लाइटबिल. उतारा नवऱ्याच्या नावावर. लाइटबिल बहुधा सासऱ्यांच्या, आणि सासरे जाऊन दहा वर्षं झालेली. मग संमतिपत्र आणा. म्हणजे तिच्या हातच्या चकलीचा परवाना काढायला नवऱ्याची सही. घराच्या उताऱ्यावर बायकोचंही नाव लावा, असा शासन निर्णय २००३ पासून आहे, 'घर दोघांचे' म्हणून. या सभागृहात जे पुरुष बसले आहेत त्यांना एकच विचारतो. हात वर करायला सांगत नाही, भिऊ नका. तुमच्या उताऱ्यावर दोन नावं आहेत?

आता कुणी म्हणेल की जागेशिवाय माणसाची नोंद करायचीच कशी? प्रशासनाला कुठंतरी खुंटी लागतेच ना? या शंकेचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि ते साठ वर्षं जुनं आहे.

नगरच्या तोफखान्यात जा, संगमनेरात जा. विडी वळणाऱ्या बायका. पिढ्यान्‌पिढ्या घरी बसून, मांडीवर सूप घेऊन, तेंदूचं पान कापून तंबाखू भरणाऱ्या. त्यांचा कारखाना कुठं? तर उंबऱ्याच्या आत. १९६६ साली विडी-सिगार कामगारांचा कायदा झाला तेव्हा नेमका हाच पेच होता. कारखान्याच्या इमारतीला परवाना देता येईल, पण घराघरांत बसलेल्या कामगाराचं काय? त्या कायद्यानं घरी काम करणारीलाही कामगार मानलं. पुढं १९७६ च्या कल्याण निधी कायद्यानंतर तिला तिच्या नावाचं, तिच्या फोटोचं ओळखपत्र मिळू लागलं. दवाखाना, मुलांची शिष्यवृत्ती, घरकुलाची मदत, सगळं त्या ओळखपत्रावर. ते इमारतीला दिलं नव्हतं, हातांना दिलं होतं. ही गोष्ट आपोआप झाली असं समजू नका. नगरच्या आणि संगमनेरच्या विडी कामगारांनी लाल बावट्याखाली मोर्चे काढले, संप केले, तेव्हा त्या कार्डांना अर्थ आला. पण त्याच १९६६ च्या कायद्यात एक बारीक कलम होतं: जो मालकाचा नोकर नाही, स्वतःच्याच घरात कुटुंबासह स्वतःसाठी काम करतो, त्याला हा कायदा लागू नाही. मालक असेल तर तुझी नोंद होईल. तूच तुझा मालक असशील तर तुझं तू बघ. तेव्हापासून आपलं असंच चाललं आहे.

दुसरा पुरावा ताजा आहे. कोरोनाच्या टाळेबंदीत, २०२० च्या जूनमध्ये, केंद्र सरकारनं स्वनिधी योजना काढली. फेरीवाल्याला तेव्हा पहिलं कर्ज दहा हजारांचं होतं, तारणाशिवाय. ज्याच्याकडं प्रमाणपत्र नाही, सर्वेक्षणात नाव नाही, अशालाही स्थानिक संस्थेनं शिफारसपत्र द्यावं, असं ठरलं. शेजारच्या खेड्यातून शहरात येऊन विकणाऱ्यालाही. पुरावा म्हणून संघटनेचं सभासदत्व चाललं, स्थानिक चौकशी चालली. म्हणजे मनात आणलं तेव्हा सरकारनं जागा बाजूला ठेवून माणूस ओळखला! मग हे फक्त कर्जापुरतंच का?

तिसरा पुरावा २०२३ चा, विश्वकर्मा योजना. अठरा प्रकारचे कारागीर. सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, न्हावी, परीट, शिंपी, माळी, गवंडी... यादी वाचताना मला वाटलं, ही तर मी कुठंतरी वाचली आहे. आत्र्यांच्या अलुत्या-बलुत्यांच्या यादीला दिल्लीचा शिक्का लागला इतकंच. एक मान्य करतो, या योजनेत माणसाची त्याच्या कामासह नोंद होते, ग्रामपंचायतीत पडताळणी होते, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंतची मदत आहे. धोकटीवाल्या काकांना तिथं जागा आहे. पण मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोराला नाही. पंक्चरवाल्याला नाही. पाणीपुरीवाल्याला नाही. सोलरचं पॅनल बसवणाऱ्याला नाही. आजच्या नगरच्या रस्त्यावर जी कामं चालतात त्यांतली बहुतेक त्या यादीत नाहीत. गावगाडा मोडून शंभर वर्षं होत आली आणि आपण अजून त्याच चाकांना वंगण घालतो आहोत.

आपल्या जिल्ह्याला आता ज्यांचं नाव लाभलं आहे, त्या अहिल्यादेवी आपल्याच जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. महेश्वरला त्यांनी विणकर आणवले, वसवले, आणि त्यांच्या हातच्या कापडाला दरबाराचं गिऱ्हाईक दिलं. आज महेश्वरी साडी जगात जाते. त्यांनी विणकराला 'तुझा पत्ता काय' असं विचारलं नसणार, कारण पत्ता देणं हे त्यांनी स्वतःचं काम मानलं होतं. जयंतीला हार घालताना एवढी गोष्ट आपल्या पुढाऱ्यांनी आठवावी.

मागे उभ्या असलेल्या मुलांना आता जरा व्यवहाराचं सांगतो, कारण नुसतं व्याख्यान ऐकून त्यांचं पोट भरणार नाही.

उद्यम नोंदणीला सरकार एक पैसाही घेत नाही. १ जुलै २०२० पासून ती ऑनलाइन आहे, आधारवर होते. कुणी पाचशे-हजार मागितले तर ते त्याच्या टायपिंगचे आहेत, सरकारचे नाहीत. द्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा. उद्यमचा क्रमांक आला की बिलं थकवणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकाला पंचेचाळीस दिवसांत पैसे देण्याचा कायदा दाखवता येतो. फॅब्रिकेशनवाल्यांनो, नागापूरच्या एमआयडीसीत तुमचे पैसे अडकतात ना? मग हे लक्षात ठेवा. बँकेबद्दल सांगायचं तर, एकट्या माणसाच्या धंद्याचं खातं उघडताना रिझर्व्ह बँकेचे नियम धंद्याचे दोन पुरावे मागतात हे खरं. पण दोन मिळणं शक्य नाही अशी बँकेची खात्री पटली, तर एकावरही खातं उघडता येतं; मात्र बँकेच्या माणसानं जागेवर जाऊन शहानिशा करायची. हे काउंटरवर सांगा. नम्रपणे, पण सांगा. आणि अर्ज देऊन महिनोन्‌महिने हेलपाटे पडत असतील, तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा वापरा. अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत दिली नाही तर अपील करता येतं आणि त्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. अपील करायला वकील लागत नाही. या कायद्याची पाटी कार्यालयात बहुधा दाराआड टांगलेली असते. दार ओढून वाचा.

राहता राहिली बाजारकराची पावती. तिच्यासाठी दिल्लीला जायची गरज नाही, मुंबईलाही नाही. पावतीपुस्तक छापते ग्रामपंचायत, वसुलीचा ठेका देते ग्रामपंचायत, ठेक्याच्या अटी ठरवते ग्रामपंचायत. पावतीवर दोन रकाने वाढवायचे: विक्रेत्याचं नाव आणि धंदा. सोबत बाजाराची एक वही ठेवायची. वर्षभर त्या बाजारात बसणाऱ्याला वर्षअखेरीस त्या वहीच्या आधारे एक दाखला द्यायचा, की हे अमुक, आमच्या बाजारात तमुक काम करतात. छपाईचा खर्च वाढून वाढून किती वाढेल? ठेकेदार कुरकुर करतील, करू द्या. नाव लिहिलं की किती पावत्या फाडल्या तेही कळेल, म्हणून ती कुरकुर आहे, हे सरपंचांना मी सांगायला नको.

इथं बसलेल्यांपैकी निम्मे लोक कुठल्या ना कुठल्या गावचे मतदार आहात. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, ग्रामसभा ठरलेल्या आहेत. त्यांतली जी पहिली येईल तिच्यात हा ठराव मांडा. सूचक तुम्ही व्हा, अनुमोदक म्हणून बाजारात बसणाऱ्या एखाद्या बाईला उभं करा, आणि ठरावाची नक्कल सहीशिक्क्यासह घेऊन घरी जा.